धाकट्या मामंजींचा वाहता दगड

आमच्या धाकट्या मामंजींइतका जमिनीचा धसका घेतलेला माणूस उभ्या रत्नागिरी तालुक्यात दुसरा झाला नसेल. लोक सापाला भितात, दर्याला भितात, आमच्या सासूबाईंना तर झाडून सगळे भीत. पण धाकटे मामंजी भीत ते पायाखालच्या भुईला. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, चालताना काठीने आधी पुढचा कातळ ठोकून बघत, आवाज पोकळ आला की लांबून वळसा घालत. बाजाराला निघालेला हा माणूस वळसे घेत घेत कधीकधी आरे-वारेच्या समुद्राकाठच्या पुळणीवर पोचलेला सापडे, आणि पिशवी रिकामीच. गावाने त्यांच्यावर हसायचं ठरवून टाकलं होतं. मीही हसले, उगीच कशाला खोटं बोलू? आणि अशा माणसाच्या धसक्यावर एका वैशाखात माझं कुंकू टांगणीला लागलं.

ते माझ्या सासऱ्यांचे पाठचे भाऊ. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेले. घरात सासूबाई, माझे यजमान, मी आणि पडवीतल्या खोलीत धाकटे मामंजी. सरकारी मोजणीत साखळ्या ओढण्यात त्यांची उमर गेली होती. हिमालयाच्या पायथ्याशी कुणा गोऱ्या साहेबाच्या हाताखाली दहा-बारा वर्षं काढली. साहेब दगड फोडायचा, हे ते वेचायचे, आणि संध्याकाळी चहा पिताना साहेब जे बोलेल ते कानात साठवून घ्यायचे. पेन्शनीत निघाले तेव्हा बरोबर एक ट्रंक, एक शिशाचा ओळंबा आणि एक दगड एवढंच आणलं. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणत, "अगो, घर कुठल्या जमिनीवर बांधायचं तेच ठरेना. मग मुलगी बघून काय करू?"

तो दगड वीतभर लांब, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. पट्टे सरळ नव्हते. पातळाच्या निऱ्या पडाव्यात तशा त्यांच्या घड्या पडलेल्या. मामंजींनी तो आल्या दिवशी देवघराच्या कोनाड्यात ठेवला, तो सासूबाईंनी गंगेकाठचा समजून दोन वर्षं त्याला हळदकुंकू वाहिलं. घरी कुणीही आलं, अगदी नारळ पाडायला आलेला गडी असला तरी त्याच्या हातात तो दगड द्यायचा आणि विचारायचं, "सांग, हा कसा वाकला?" गडी म्हणे, "देवाची करणी." मग मामंजी कानाशी लागत आणि खासगीतली बातमी सांगावी तसं सांगत, "वाकला नाही रे, वाहिला. वितळला नव्हता हो! घट्ट होता आणि तरी वाहिला. खूप खोल, खूप ऊन, डोक्यावर डोंगराएवढा भार. मग दगडाचंसुद्धा काही चालत नाही." सासूबाईंना हे कळलं तेव्हा हळदकुंकू बंद झालं. त्या म्हणाल्या, "वाहणारा दगड माझ्या देवांत नको. उद्या देव वाहून नेईल."

आता हे सगळं खोलीत बसून सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं? पण त्यांना इशारे द्यायची फार हौस. सड्याला तडा दिसला की आले धावत, विहिरीचं पाणी गढुळलं की आले धावत. आणि संकटाची वर्दी देताना त्यांच्या तोंडावर असा काही आनंद असे, हात असे चोळत, की सांगणाऱ्याला संकट हवंच आहे असं वाटावं. देवरूखला आमच्या नात्यात मुंज होती. पंगत बसली, वरणभात झाला, जिलबीचं ताट दाराशी आलं, आणि यांच्या पानातलं ताक डाव्या बाजूला वाहू लागलं. झालं! "जमीन कलतेय! उठा!" म्हणून हे पान सोडून उभे. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पंगतीतून वडीलधारा उठला की बाकीच्यांनी हात धुवायचे. चाळीस माणसं दाराशी आलेल्या जिलबीकडे बघत अर्धपोटी उठली. मुंजाचे आजोबा तर पुढे वर्षभर आमच्या घरात कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून मामंजींनी तोंड उघडलं की कुणीतरी विचारीच, "काय हो, ताक कुठे वाहतंय?"

मला मात्र त्यांचा एक राग वेगळाच होता. माझ्या पहिल्या गणेशचतुर्थीला मी मोदकांची उकड काढून ठेवली, आणि वळून बघते तो हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. "सूनबाई, घटकाभर उकड दे." सुनेने नाही कसं म्हणायचं? त्यांनी उकडीचा गोळा परातीत पसरला, वर केळीचं पान घातलं, पानाच्या दोन्ही कडांना दोन पाट ठेवले आणि दोन्हीवर तळहात टेकून भार दिला. मला म्हणाले, "आता मधे पान चीर." मी विळीच्या टोकाने चीर दिली. उकड हळूहळू मधे सरकली आणि चिरेतून वर आली, गोल, घुमटासारखी. मामंजी लहान मुलासारखे हसले. "बघितलंस? कडेला भार, खाली मऊ, मधे पांघरूण पातळ. खालचं जाईल कुठे? वरच येणार. असे डोंगर येतात गो! वरून पाऊस खात राहतो आणि खालून पृथ्वी वाढत राहते, पंगतीत वाढतात तशी." मी "हो" म्हटलं. कळलं काही नाही. उकड गार झाली, कळ्या फाटल्या आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "माहेरी हेच शिकवलं का?" तो अपमान मी उकडीच्या नावाने बरेच दिवस गिळला.

आता त्या वैशाखाचं सांगते. सत्याग्रहाचे दिवस होते. आमचं घर सड्याच्या कडेला, पाणी खाली ओहोळात. फाल्गुनानंतर दोन हंडे आणायला अर्धा दिवस जाई. आमच्याकडच्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, त्या वर्षी हट्ट धरला, विहीर दारातच काढायची. देवरूखकडून भिकू आणि त्याचा भाऊ सोनू असे दोघं खणणारे आणले. वरचा सगळा जांभा. तो नुसता खणायचा कशाला, म्हणून त्याचे चांगले चिरे तासून घेतले. गोठा नवा बांधायचा होता, तेव्हा चिरे हाताशी असावेत म्हणून विहिरीच्या काठालाच रचून ठेवले. आमच्या भागात सगळे असंच करतात. उचललेला चिरा दोनदा उचलायचा म्हणजे मूर्खपणा, असं बायकासुद्धा म्हणतात. बघता बघता विहिरीभोवती कंबरभर उंच गडगा झाला.

जांभा संपला आणि खाली मऊ चिकण माती लागली, पांढरट गुलाबी, लोण्यासारखी. भिकू खूश. "आता काय मालक, सुरीनं कापायचा!" पण धाकटे मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. खाली उतरलेला ओळंब्याचा दोर त्यांनी गाठी मारून मोजायला घेतला, संध्याकाळी खणून झाल्यावर एकदा आणि सकाळी खणायच्या आधी एकदा. तिसऱ्या दिवशी सकाळी चार बोटं कमी भरली. चौथ्या दिवशी पुन्हा चार. "रात्रीत माती पडली असेल," आमच्याकडचे म्हणाले. "पडलेली माती कुठाय? तळ सपाट आहे. तळ वर येतोय, वासू! कडेला तू चिऱ्यांचा भार दिलास, मधे पोकळ केलंस, खाली सगळं मऊ. ती माती आता जाईल कुठे?" हे चिडले. "काका, हा हिमालय नाही, आपली विहीर आहे. चिरे हलवायचे म्हणजे चार गडी आणि दोन दिवस. पाऊस काय थांबणार आहे?" सोनूने तर हळूच सांगितलं की म्हातारेबाबा रात्री स्वतःच दोराच्या गाठी सरकवत असतील.

मग मामंजींनी वाद सोडला आणि स्वतःच चिरे हलवायला लागले. एक चिरा म्हणजे तरण्या गड्याला घाम फुटतो. हे पासष्टीचे. पहार घालायची, चिरा उलथायचा, पुन्हा बसायचं, पुन्हा उलथायचा, असा एक चिरा अंगणापार न्यायला सकाळ जाई. सुरुवात त्यांनी शिडीच्या बाजूपासून केली. सासूबाई ओरडायच्या, "भावोजी, कंबर मोडून घ्याल!" ते म्हणायचे, "माझी मोडली तर एकच मोडेल, वहिनी." मी त्यांच्या तळव्यांना खोबरेल लावून द्यायची. तळवे सोलून निघाले होते. आठ दिवसांत त्यांनी सात चिरे हलवले आणि गावाला आणखी एक गंमत मिळाली.

नवव्या दिवशी सकाळी खालून भिकूची आरोळी आली, "पानी लागला! बाई, पानी लागला!" एकच धावपळ. शेजारीपाजारी जमले, सासूबाईंनी नारळ आणि हळदकुंकू घेतलं. आमच्या घरची रीत अशी की नव्या विहिरीचं पहिलं पाणी घरच्या कर्त्या पुरुषाने खाली उतरून कलशात भरायचं आणि देवांना घालायचं. हे सोवळं नेसले, कलश घेतला आणि शिडीवरून खाली गेले. खाली आता तिघं, भिकू, सोनू आणि हे. पाणी होतं घोटाभर, गढूळ. म्हणून सासूबाईंनी वरून सांगितलं, "निवळू दे रे, घाई नको. निवळलेलंच भर."

एवढ्यात धाकटे मामंजी आले आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी ओळंबा खाली सोडला. दोर वर ओढून गाठी मोजल्या. पुन्हा सोडला, पुन्हा मोजल्या. "काल संध्याकाळी अठरा हात होतं. आज सतरा. वासू, वर ये."

"निवळतंय काका, थोडं थांबा."

तोवर खालून भिकू आनंदाने ओरडला, "मालक, पायाखालना भुई उचलते हाय! गंगा वर येते हाय!" आणि काय सांगू तुम्हाला, काठावरच्या सगळ्यांनी हात जोडले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गंगा आपण होऊन वर येतेय, यापेक्षा शुभ ते काय? एक म्हातारी तर काठावर आडवी होऊन नमस्कार घालू लागली. कुणीतरी मामंजींना विचारलं, "काय हो, ताक कुठे वाहतंय?" आणि हशा झाला.

मीही हसणार होते. पण माझी नजर मामंजींच्या तोंडाकडे गेली. आयुष्यभर संकटाची वर्दी हात चोळत, आनंदाने देणारा हा माणूस. त्याच्या हातांनी दोर गच्च धरलेला होता आणि ओठ पांढरे पडले होते. ते ओरडतसुद्धा नव्हते. "वर ये रे, वासू, वर ये रे," असं नुसतं पुटपुटत होते, आणि त्या गलक्यात ते खाली कुणालाच ऐकू जात नव्हतं. मी काठाशी गेले आणि "अहो!" म्हणून हाक मारली. खाली तिघं होते. भिकूची बायको वर होती, सोनूची बायको वर होती. "अहो" ऐकून तिघांनी वर बघितलं आणि तिघांनीही आपल्याला नसेल म्हणून पुन्हा खाली बघितलं. दुसऱ्यांदा हाक मारली, हे म्हणाले, "निवळतंय, निवळतंय."

मग मला काय झालं देव जाणे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं तेवढंच, एरवी घरात, मनात, स्वप्नातसुद्धा जे नाव मी घेतलं नव्हतं, ते सासूसमोर, अख्ख्या गावासमोर बेंबीच्या देठापासून ओरडले, "वासुदेव! वर या! आत्ताच्या आत्ता वर या!"

सासूबाईंच्या हातातली हळदकुंकवाची वाटी पडली. आमच्याकडचे खाली एक क्षण दगड झाले, आणि मग कलश तिथेच टाकून ताडताड शिडी चढू लागले. माझं ऐकून नव्हे हो! माझ्या दोन थोबाडीत द्यायला. डोळे असे लाल झालेले. आणि भिकू आणि सोनू त्यांच्या मागोमाग निघाले, का, तर बामणाच्या सुनेने नवऱ्याचं नाव घेतलं, आता वर काय होतंय ते बघायला. यांनी काठावर पाय ठेवला, माझ्यासमोर आले, हात उगारला. भिकू वर आला. सोनूचा एक पाय अजून शिडीवर होता.

तेव्हा खालून आवाज आला. मोठा नव्हता. ओल्या कपड्याचा बोळा जमिनीवर आपटावा तसा. मी वाकून बघितलं. विहिरीचा तळ मधोमध फुगत होता, गोल, घुमटासारखा. पाणी त्याच्या कडेने खाली ओघळलं, कलश कलंडला, आणि तो घुमट चिरून आतून मऊ गुलाबी माती वर आली. लगेच समोरचा काठ खचला आणि अख्खा गडगा, शे-दीडशे चिरे, धडाधड आत गेले. सोनूला मामंजींनी दंडाला धरून वर ओढलं. शिडीच्या बाजूला मात्र काही पडलं नाही. पडायला तिथे चिरेच नव्हते. धूळ बसली. यांचा माझ्यावर उगारलेला हात तसाच होता. मग तो हात त्यांनी हळूच मामंजींच्या पायाला लावला.

सासूबाईंनी मला त्या दिवशी काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नाव घेतलंस ते घेतलंस, निदान 'राव' तरी लावायचंस." तेवढ्यावर ते मिटलं.

विहीर खचली त्याच संध्याकाळी मी पडवीत मामंजींच्या तळव्यांना तेल लावत होते. त्यांनी विचारलं, "सूनबाई, एक खरं सांग. तू ओरडलीस ती मी घाबरलो म्हणून, की तुला पटलं म्हणून?" इतक्या वर्षांत या माणसाने कुणाला असं विचारलं नसेल. मी मान वर केली नाही. म्हटलं, "पटलं म्हणून." ते म्हणाले, "मग सांग बघू, कसं ते." आली का पंचाईत! माझ्या तोंडून आपोआप निघालं, "उकडीसारखं. कडेला भार, खाली मऊ, मधे पांघरूण पातळ." त्यांनी तेलाने माखलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "साहेबानंतर तूच." आणि पंचाने डोळे पुसले.

त्यानंतर गाव त्यांना मानू लागलं. घर कुठे बांधू, विहीर कुठे पाडू, म्हणून जयगडपासून माणसं यायची. आणि गंमत बघा, ज्या माणसाला जन्मभर ऐकणारं कुणी हवं होतं, तो आता कुणालाच काही सांगेना. "मला काय कळतंय? दुसऱ्या कुणाला विचारा," म्हणून आत जाऊन बसायचा. त्या सकाळी विहिरीच्या काठावर त्यांना जो खरा धसका बसला तो उतरलाच नाही. इशाऱ्यातली मजा गेली. ताकाची चेष्टासुद्धा कुणी करीना, आणि मला वाटतं तीच त्यांना सगळ्यात जास्त जाणवली. चारेक वर्षांनी आश्विनात ते गेले. ट्रंक यांना दिली, ओळंबा भिकूला. दगड मला.

ती विहीर आम्ही बुजवली, दुसरी खाली काळ्या कातळात काढली. बुजवलेल्या जागी अंगणाला थोडा फुगवटा आहे. गडी दर वर्षी सपाट करू म्हणतात, मी करू देत नाही. आमच्याकडचे आता थकलेत, त्याच फुगवट्यावर खुर्ची टाकून ऊन खात बसतात, आणि मला चिडवायचं असलं की आतल्या बाजूला तोंड करून ओरडतात, "काय गो, आज नावाने हाक नाही मारलीस ती?"

मामंजींशी मी खोटं बोलले होते. मला तेव्हा काडीचंही पटलेलं नव्हतं. मी ओरडले ती त्यांचे पांढरे पडलेले ओठ बघून. पण दर चतुर्थीला उकड काढली की आधी थोडी बाजूला घेते, वर पान घालते, दोन्ही कडांना पाट ठेवून भार देते आणि मधे चीर देते. उकड वर येते. सुना हसतात, हसोत बापड्या. कोनाड्यात दगड आहे, त्याला मी पुन्हा हळदकुंकू वाहते. आता मला पटलंय, मामंजी, अगदी खरं पटलंय. तेवढं सांगायला तुम्ही हवे होतात.